उरलेला गाळ

३ फेब्रुवारी, सोमवार

मोजणीप्रमुख गेले एकदाचे! निवृत्त झाले — जगातून नव्हे, तेवढं कुठलं आमचं भाग्य. चहा, भाषण, भिंतीवरचं घड्याळ. बावीस वर्षं या माणसाने माझे आकडे स्वतःच्या सहीखाली वर पाठवले आणि शाबासकी स्वतःच्या खिशात घातली. आता त्यांची खुर्ची रिकामी. खिडकीजवळची, उजेडाची. ती माझी — त्यात विचार कसला करायचा? या बंदराच्या चिखलातला किडा न् किडा माझ्या चिमट्यातून गेलाय.

साहेब म्हणाले, "रीतसर होऊ दे, ताई. अर्ज दोन आहेत."

दोन! दुसरा कुणाचा म्हणून विचारलं, तर धाकटीचा. माझ्या धाकट्या जावेचा! सकाळी माझ्याच शेजारी बसून चहा ढोसला, एकाच बसने आली, समोरच्याच टेबलावर दिवसभर काम केलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

घरी आल्यावर धरलीच. तर म्हणे, "ताई, साहेबांनीच भरायला लावला. एकच अर्ज आला तर जागा रद्द करतात म्हणे." काय तो भोळेपणा! जसं काही हिने अर्ज माझ्यासाठीच भरला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले नाही दिवसभर तिच्याशी. तिने दोनदा पाणी आणून दिलं. दोन्ही वेळा तसंच ठेवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हिला कामाला कुणी आणलं? मी! सहा वर्षांपूर्वी भाऊजींची नोकरी गेली, तेव्हा सासूबाई हिला कायमची माहेरी धाडायला निघाल्या होत्या. "खाणारं एक तोंड तरी कमी." कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. मी म्हटलं, राहू दे, माझ्याबरोबर येईल कामाला. तेव्हापासून ही माझ्याकडे असं बघते, जणू मी हिला विहिरीतून वर काढलं.

मला काय, ट्रे धुवायला कुणीतरी हवं होतं. फॉर्मॅलिनने माझ्या हातांची सालं निघत होती. आता तिच्या हातांची निघतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उधाणाची ओहोटी. गाळ काढणारा खेकडा (गुडघे गेलेत म्हणून तिरका चालतो, नाव मीच ठेवलंय, आता साहेबही तेच वापरतात) वीस बाटल्या घेऊन आला. दहा आतल्या धक्क्याखालच्या — काळ्या, सडक्या वासाच्या. दहा बाहेरच्या बांधाजवळच्या, वाळूच्या. खेकडा कमरेपर्यंत बरबटलेला. "ताई, आज आत मांडीपर्यंत रुतलो, कुणी ओढायला नव्हतं!" म्हटलं, "तुला कशाला ओढतील, बाटल्या ओढल्या असत्या." हसला बिचारा. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

ठरलं असं: दहा बाहेरच्या बाटल्या मला, दहा आतल्या धाकटीला. सगळ्या झाल्या की बाहेरच्या प्रयोगशाळेतून एक बाई येऊन आमच्या दोघींच्या उरलेल्या गाळाची फेरतपासणी करणार. शंभर जिवांमागे पाचांहून जास्त सुटलेले सापडले, की नापास.

सासूबाई लोकांना सांगतात, मोठी सून चिखल निवडते. निवडतेच! गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवायचा. वर राहील ते फॉर्मॅलिनमध्ये घालायचं आणि त्यात गुलाबी रंग टाकायचा. जे जगत होतं ते गुलाबी होतं, वाळू होती तशी राहते. मग ट्रेमध्ये चमचा चमचा घ्यायचं, मायक्रोस्कोपला डोळे लावायचे आणि एकेक गुलाबी जीव चिमट्याने उचलून कुपीत टाकायचा, उरलेला गाळ परत बाटलीत. किडे तुटतात, म्हणून फक्त डोकी मोजायची. डोकं असेल तर एक. शेपटं कितीही सापडली तरी शून्य. हा नियम आमच्या घराला लावला तर पाच माणसांत मोजणी एकावर थांबेल.

या खेपेच्या आकड्यांना महत्त्व आहे म्हणे. बंदरवाल्यांना आतला धक्का वाढवायचाय. गाळात पुरेसे जीव निघाले तर काम थांबणार, नाही निघाले तर सगळा उपसून वर काँक्रीट. साहेब म्हणाले, "आपलं चुकलं, तर पुन्हा मोजायला तिथे गाळच नसेल." साहेबांना अशी वाक्यं टाकायची हौस आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्पर्धा असली म्हणून माझं मोठेपण जात नाही. स्पष्ट सांगितलं — माझे ट्रे तूच धुणार, माझा उरलेला गाळ बाटलीत तूच भरणार, नेहमीसारखा. "हो ताई," म्हणाली. मानेला स्प्रिंग बसवलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मायक्रोस्कोपचा दिवा बदलून घेतला. महिन्यातला तिसरा. हल्लीचे बल्ब म्हणजे काजवे! दुपारनंतर सगळं धुकंच दिसतं. भांडारातल्या माणसाला झापलं. तो म्हणतो, "बाकीच्यांची तक्रार नाही, ताई." बाकीचे काम करत असतील तर तक्रार करतील ना.

आणि धाकटी काय म्हणाली असेल? "ताई, एकदा चष्म्याचा नंबर बघून येऊ या का? मी येते बरोबर." सगळ्यांसमोर! खेकडा होता, साहेब दारात होते.

म्हटलं, "तू आधी तुझ्या नवऱ्याला नोकरी बघ. मग माझे डोळे बघ."

पांढरीफटक पडली. मान खाली घालून चिमटा पुसत बसली. नंतरचा चहा गोड लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल चार नंबरच्या बाटलीतून उचलताना तीसेक वाटले होते. आज सकाळी नेहमीप्रमाणे कुपी उघडून मोजले — सत्तेचाळीस! सगळी डोकी धडधाकट. आपण उचलतो आणि आपल्यालाच कळत नाही, असा हात बसलाय. बावीस वर्षं उगीच नाही घासली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ही रोज माझ्यामागे दीड तास थांबते. दोन ट्रे धुवायला दीड तास! "ताई, तुम्ही व्हा पुढे. मी ट्रे धुऊन येते." येते ती डोळे लाल करून, खांदे चोळत. तोवर स्वयंपाक माझ्या एकटीच्या गळ्यात, आणि वर सासूबाईंचं, "धाकटी दमते हो फार!" साहेबांना दाखवायचं असतं, केवढी कष्टाळू. दिवा जळताना दिसला की साहेब विरघळतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तिची सहावी बाटली आज संपली. माझ्या नऊ झाल्या. गोगलगाय!

३ मार्च, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना हात तापलाय.

साहेब तिच्या खांद्यावरून डोकावले आणि ओरडलेच, "अहो, हा एवढासा शिंपला दिसला कसा तुम्हाला?" सगळे जमले. टाचणीच्या टोकाएवढा शिंपला म्हणे, जिवंत होता, आतल्या धक्क्याखाली वीस वर्षांत सापडला नव्हता. मलाही बघायला बोलावलं. बघितलं. मला तरी तिथे विशेष काही दिसलं नाही. "छान," म्हटलं. काय करणार!

नंतर साहेब हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या जावेची नजर जबरदस्त आहे हो."

मी घाबरलेय. आता लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. ती खुर्ची गेली तर मी कोण? घरात हे माझ्याशी बोलतात ते भाजीत मीठ कमी पडलं तर. मूल नाही, बाळ नाही. कुणाला विचारा, ही कोण — तर गाळातल्या किड्यांवरची बाई. एवढंच आहे माझ्याकडे, आणि तेही बावीस वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली. एकदा, एका तरी कागदावर माझं नाव हवं. आणि उद्या ही भवानी माझ्या डोक्यावर बसणार? माझ्या ट्रेकडे बोट दाखवून म्हणणार, "ताई, परत बघा"? मरण पत्करेन!

७ मार्च, शुक्रवार

एक उपाय आहे. लिहीत नाही.

१० मार्च, सोमवार

केला.

उद्या तपासणीची बाई येणार. साहेबांनी सकाळी चिठ्ठी हातात ठेवली — माझी चार नंबरची बाटली, धाकटीची सात नंबरची. "दोन्ही काढून ठेवा, ताई." कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. विश्वास! साहेबांच्या डोक्यात मेंदूच्या जागी वाळू असावी.

जेवायला सगळे खाली गेले. मी म्हटलं, डोकं दुखतंय. धाकटी रेंगाळली. "तुमचा डबा वर आणू का?" हाकलली. मग माझ्या कुप्यांमधून नऊ किडे काढले. साधे, लालसर, आत-बाहेर दोन्हीकडे सापडणारे. नीट बघून घेतले, डोकं असलेलेच. तिच्या सात नंबरच्या उरलेल्या गाळात सोडले. काचेच्या कांडीने एकदा ढवळलं. झाकण लावलं. चार मिनिटांचं काम.

वाईट वाटलं का? नाही. भूक लागली उलट. डबा गार झाला होता तरी सगळा संपवला.

११ मार्च, मंगळवार

तपासणीची बाई म्हणजे नुसती काडी. फुंकर मारली तर उडेल. बोलत नाही, हसत नाही, चहा नको म्हणते. सकाळभर आम्ही सगळे तिच्या भोवती उभे.

माझी चार नंबर — सुटलेला एक. एकच! "फार स्वच्छ काम," काडी म्हणाली. मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मान डोलावली.

तिची सात नंबर — सहा. तिने उचललेले छपन्न आणि सुटलेले सहा. नापास! साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. जबरदस्त नजर, नाही का?

पण सहाच कसे? मी म्हटलं, "आणखी असतील, नीट बघता का?" काडी म्हणते, "नाहीत. आणखी तीन गुलाबी तुकडे आहेत, पण ते मुळांचे तंतू. मुळंही रंग पितात." अहो बाई, मी स्वतःच्या हाताने — ! जीभ चावली. असल्या आंधळ्या बायका तपासायला पाठवतात, मग बंदरं बुडतील नाहीतर काय.

काडी परत डिशवर वाकली. "गंमत आहे. हे सहाही बाहेरच्या वाळूतले आहेत. काळ्या गाळात हा किडा एक दिवस टिकायचा नाही. इथे आला कसा?"

मी तर दोन्हीकडे सापडणारेच निवडले होते. निवडले होतेच! चांगले निरखून!

धाकटी पुढे झाली. "मी बघू?" डिशवर वाकली. बराच वेळ वाकून होती. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. संपलं, म्हटलं, आता ही बोलणार.

"भरतीने आत ढकलले असतील," ती म्हणाली. "माझ्याकडूनच सुटले."

एवढंच! बावीस वर्षांची खुर्ची जिच्या एका वाक्यावर टांगली होती, तिला ते वाक्यसुद्धा बोलता आलं नाही. समोर सहा परके किडे पडलेत आणि ही कबूल करतेय. इतकी अक्कलशून्य बाई मोजणीप्रमुख होणार होती! काडीने आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

१२ मार्च, बुधवार

रात्रीच्या जेवणात मीच विषय काढला. म्हटलं, "आपली धाकटी नापास झाली हो. एकाच बाटलीत सहा किडे सोडले." सासूबाई म्हणाल्या, "सहा किड्यांचं काय एवढं?" मी समजावलं. सावकाश, सगळ्यांना कळेल असं. पगार कसा वाढला असता, कंत्राटाची मुदत कशी वाढली असती, आता कसं काहीच नाही. भाऊजींनी ताट सरकवलं. "घरी बसूनही हेच करता आलं असतं तुला," असं म्हणाले बायकोला.

ती वाढत राहिली. मला वाढताना विचारलं, "अजून घेणार, ताई?"

घेतलं.

१५ मार्च, शनिवार

मोजणीप्रमुख! मी! खिडकीजवळची खुर्ची जरा डगमगते, पण उजेड चांगला. अर्थात बारीक अक्षर उजेडातही बारीकच.

पहिला कागद योगायोगाने धाकटीचाच. तिची कंत्राटाची मुदत महिनाअखेर संपते, वाढवायला प्रमुखाची शिफारस लागते. साहेब म्हणाले, "तुमच्याच घरातली आहे. देऊन टाका." मी म्हटलं, "साहेब, घर घराच्या जागी. आकड्यांत नातं आणू नये." साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "मानलं तुम्हाला."

'शिफारस नाही.' खाली माझी सही. काय देखणी आली!

१७ मार्च, सोमवार

तिने विचारलंसुद्धा नाही का म्हणून. मी तर उत्तर तयार ठेवलं होतं. फुकट गेलं.

२४ मार्च, सोमवार

ऐका! काडीने तिला बोलावून घेतलंय, स्वतःच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या गावी. पत्रात म्हणे 'इतका काळजीचा हात क्वचित दिसतो' असं लिहिलंय. नापास केलेल्या बाईला! आंधळीला आंधळी भेटली. भाऊजीही जाणार, तिथे राहायला खोली मिळतेय. सासूबाई कालपासून डोळ्यांना पदर लावून बसल्यात. ज्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती, त्याच!

आज तिचा शेवटचा दिवस. माझे ट्रे धुतले, चिमटे पुसून ओळीत लावले, दिव्याची काच पुसली. मग माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, उद्यापासून ट्रे धुवायला मी नसेन."

"ट्रे धुवायला पदवी लागत नाही," मी म्हटलं.

"उरलेला गाळ बाटलीत भरायच्या आधी एकदा कुणाला तरी दाखवत जा. एवढं ऐका माझं."

बघा! जाता जाता प्रमुखाला शिकवणं! म्हटलं, "दिसतो मला माझा गाळ." तिने माझा हात धरला. तिचा हात खरखरीत, सोललेला. सोडवून घेतला. मला तसले हात आवडत नाहीत.

३१ मार्च, सोमवार

बंदरवाल्यांना आतल्या धक्क्याचे आकडे पुन्हा हवेत, शेवटचे. खेकड्याने काल ओहोटीला दहा बाटल्या काढल्या. सगळ्या मीच करणार, प्रमुखाच्या हातून जायला हव्यात. विचारत होता, "धाकट्या बाई गेल्या?" म्हटलं, "तुझी वरात नाही ना अडली?"

दोन ट्रे स्वतः धुतले. अकरा मिनिटं लागली घड्याळ लावून. अकरा! आणि ही दीड तास घालवायची.

३ एप्रिल, गुरुवार

पहिली बाटली — चार. दुसरी — सहा. तिसरी — तीन.

गेल्या खेपेला याच जागी धाकटीने पन्नास-साठ काढले होते. दीड महिन्यात इतके मेले? की ती शेपटंही मोजत होती? आता कळलं! म्हणून तिचे आकडे फुगलेले. साहेबांना सांगितलं. "तिचे जुने आकडे धरू नका." साहेब म्हणाले, "तो छोटा शिंपला मी स्वतः बघितला होता." म्हटलं, "एका शिंपल्यावर धक्का अडवायचा का?" प्रमुख मी आहे. धरले नाहीत.

सकाळी कुपी उघडते, तर कालच्याइतकेच असतात. हात पूर्वीसारखा चालत नाही, थकलाय. नव्या खुर्चीची सवय व्हायला वेळ लागेल.

७ एप्रिल, सोमवार

दहाही बाटल्या पूर्ण. अहवाल माझ्या नावाने गेला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत माझं नाव. त्याखाली एक ओळ: 'आतल्या धक्क्याखालचा गाळ जवळजवळ निर्जीव.' बंदराच्या मोठ्या साहेबांचा स्वतः फोन आला. "ताई, तुमच्यासारखी माणसं हवीत." यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरं." भाजीत मीठ बरोबर होतं.

८ एप्रिल, मंगळवार

उपसायचं यंत्र दोन महिने बाहेर नांगर टाकून उभंच होतं. आज आत आणलं.

१० एप्रिल, गुरुवार

उपसा सुरू झाला. खिडकीच्या काचा थरथरतात.

दहाव्या बाटलीचा ट्रे धुवायचा राहिला होता. टेबलावरच होता, मायक्रोस्कोपखाली. साहेब अहवालाचं अभिनंदन करायला आले, बोलता बोलता सहज डोळा लावला.

"ताई, हा निवडायचा राहिलाय वाटतं. सगळा गुलाबीच दिसतोय."

मी म्हटलं, "नाही साहेब. मोजून झालाय तो."

त्यांनी डोळा काढला नाही. ट्रे हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत राहिले. ओठ हलत होते. मोजत होते.

दीड तास. धाकटीला रोज दीड तास लागायचा.